सोसणं वेगळं, नाकारणं वेगळं: स्त्रीवादी विज्ञानकथांतली अहिंसा वाचायला सुरुवात कशी करावी

नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्यामुळे आपल्यापैकी अनेकांना विज्ञानकथेची गोडी लागली. त्यानंतर इंग्रजीकडे वळलं की हाती येतात ती बहुतेक अंतराळयुद्धं. त्याच दालनात एक वेगळा कप्पा आहे आणि मराठीत त्याची ओळख फारशी करून दिली जात नाही. परक्या ग्रहावर सैन्य उतरलंय, समोर निःशस्त्र माणसं आहेत, त्यातही बहुतेक बायका. त्या मारणार नाहीत आणि ऐकणारही नाहीत. मग पुढे काय होईल? या एका प्रश्नावर गेल्या सव्वाशे वर्षांत फार ताकदीचं लेखन झालं आहे. ते कुठून सुरू करावं, कोणत्या क्रमाने वाचावं, वाचताना काय टिपावं आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत चारचौघांना जमवून त्यावर बोलायचं तर कसं, हे इथे सांगते.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवू. युद्ध आणि हत्या कोणत्याही कारणासाठी मान्य नाही, ही भूमिका म्हणजे शांततावाद. संप, बहिष्कार, असहकार, धरणं, कायदेभंग या कृती म्हणजे अहिंसक प्रतिकार. शांततावादी माणूस घरी बसून राहू शकतो, प्रतिकार करणाऱ्याला ते जमत नाही. उलट संपावर गेलेले सगळे मनाने शांततावादी असतात असंही नाही. जीन शार्प या अमेरिकी अभ्यासकाने १९७३ साली अहिंसक कृतीच्या १९८ पद्धती नोंदवल्या, त्यात मूक मोर्चा आहे, कर न भरणं आहे, सामाजिक बहिष्कारही आहे. यादी वाचली की कळतं, हा सगळा करण्याचा मामला आहे.

आता तिसरा शब्द, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: सोसणं. बाईच्या जातीनं सोसावं, हे ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला अहिंसा म्हटलं की तेच आठवतं आणि राग येतो. तो राग योग्य आहे. चांगल्या स्त्रीवादी विज्ञानकथा हा राग जाणूनच लिहिलेल्या आहेत. सोसणाऱ्याला दुसरा मार्ग ठेवलेलाच नसतो. नाकारणाऱ्यापुढे मार्ग असतो, कधी कधी शत्रूला संपवण्याचाही असतो, आणि तो बाजूला ठेवून ती वेगळं काही करते. पुढची सगळी पुस्तकं याच कसोटीवर वाचावीत, असं मला मनापासून वाटतं.

पायरी पहिली: एका प्रवासात संपणारी गोष्ट

जाड कादंबरीने सुरुवात करू नका. बंगाली लेखिका रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा घ्या. १९०५ साली मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती इंग्रजीत छापून आली. लेखिकेचं निधन १९३२ मध्ये झालं, कॉपीराइटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे ती मोफत आणि कायदेशीर मिळते. मोबाइलवर उतरवून घ्या. ठाण्याहून पनवेल गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली तर नेरूळ यायच्या आत संपते. इंग्रजी जुन्या वळणाचं असलं तरी अवघड नाही.

कथेतल्या देशात पुरुष माजघरात आणि बायका बाहेर. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, पाणी ढगांतून थेट खेचून घेतात. ही उलटापालट वाचताना मजा येते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. तुम्ही लढाईच्या भागापाशी थांबा. शेजारच्या राज्यातून काही माणसं आश्रयाला येतात, राणी त्यांना परत द्यायला नकार देते, म्हणून त्या राज्याचा राजा चालून येतो. पुरुषांचं सैन्य हरतं. मग विद्यापीठाच्या प्राचार्या आपल्या २००० विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर जातात आणि साठवलेली सूर्यकिरणं शत्रूवर सोडतात. उष्णता सहन न होऊन सैन्य पळतं. मागे राहिलेली हत्यारं त्याच उष्णतेने जाळून टाकली जातात.

ही अहिंसा आहे का? किरणांच्या माऱ्यात कुणी मेल्याचा उल्लेख कथेत नाही. पण किरणांचा मारा हा माराच आहे. मला वाटतं, रोकेया अहिंसेच्या उंबरठ्यावर येऊन थांबल्या आहेत. मात्र युद्धाचं कारण त्यांनी जे निवडलं ते विसरू नका. जमीन नाही, खजिना नाही. आश्रयाला आलेल्यांना न सोपवणं हे कारण. लढाईच्या आधी एक नकार आहे, आणि तो पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचा पाया आहे.

याच्या जोडीला मराठीतलं नाव हवं तर काशीबाई कानिटकर यांची ‘पालखीचा गोंडा’ शोधा. १९२८ सालची ही कादंबरी. एका संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती येतो आणि ती बायकांसाठी शिक्षणाची नि कामाची दारं उघडते. यंत्रं, परग्रह यात नाहीत, तरी कल्पनेतलं राज्य रचून पाहण्याची मराठी बाईची ही धडपड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. मीरा कोसंबी यांनी काशीबाईंच्या निवडक लेखनाचा इंग्रजी अनुवाद केला आहे. मूळ पुस्तकासाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून पाहा; १८९३ पासून पुस्तकं जपणारी ती संस्था आहे, आणि जुन्या लेखिकांची पुस्तकं मागणारं कुणी आलं की ग्रंथपालांनाही बरं वाटतं.

पायरी दुसरी: वहीत तीन प्रश्न

कोणतंही पुस्तक उघडायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा. नक्की काय नाकारलं जातंय? त्याची किंमत कोण मोजतंय? आणि हे चालू असताना स्वयंपाक, मुलं, आजारी माणसं कोण बघतंय?

तिसरा प्रश्न पहिल्यांदा किरकोळ वाटतो. पण लेखिका खरंच विचार करून लिहिते आहे की नुसती घोषणा देते आहे, हे याच प्रश्नाने उघडं पडतं. ज्या कथेत क्रांती होते आणि भात कुणी शिजवला ते कळत नाही, त्या कथेवर मी फार विश्वास ठेवत नाही.

पायरी तिसरी: ‘अ डोअर इनटू ओशन’, सावकाश

जोन स्लोंचेव्स्की यांची ही कादंबरी १९८६ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल स्मृती पुरस्कार मिळाला. स्लोंचेव्स्की हे सूक्ष्मजीवशास्त्रातलं नाव, आणि युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती परंपरेशी जोडलेलं. दोन्ही गोष्टी पानोपानी जाणवतात. एकच कादंबरी वाचायला वेळ असेल तर ही वाचा.

शोरा नावाच्या चंद्रावर जमीनच नाही, सगळा समुद्र. तिथे राहणाऱ्या बायका जिवंत तराफ्यांवर वस्ती करतात. त्यांच्या त्वचेत सूक्ष्मजीव राहतात, ते प्राणवायू धरून ठेवतात म्हणून त्या बराच वेळ पाण्याखाली राहू शकतात, आणि त्याच जीवांमुळे त्यांचा रंग जांभळा आहे. जीवशास्त्र हीच त्यांची कारखानदारी: औषध, दळणवळण, अगदी मूल होणंसुद्धा. शेजारच्या ग्रहावरच्या लोकांना या समुद्रावर ताबा हवा आहे. आधी व्यापारी येतात, मग सेनापती रिअल्गर सैन्य घेऊन येतो.

वाचताना चार गोष्टींवर रेंगाळा.

पहिली म्हणजे त्यांची भाषा. तिथे प्रत्येक क्रिया दोघांत वाटलेली असते. शिकवणं आणि शिकणं एकच, मारणं आणि मार खाणं एकच. बाहेरून आलेला स्पिनेल हा मुलगा गोंधळतो: मी छिन्नीने दगडावर घाव घातला तर दगडही मला मारतो का? उत्तर येतं, तुझ्या हाताला ते जाणवत नाही का? अशा भाषेत हुकूम सोडणं जवळपास अशक्य होतं, कारण हुकूम देणाऱ्याला तो पाळणाऱ्यापासून वेगळं काढताच येत नाही. सैनिक ओरडतात आणि त्या बायकांना खरोखर कळत नाही की या माणसाला नेमकं काय हवंय. सत्ता ऐकणाऱ्यावर किती अवलंबून असते, हे मी इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

दुसरी म्हणजे नावं. वयात आलेली प्रत्येक जण सभेत स्वतःला नाव घेते, आणि ते नाव तिच्या सगळ्यात मोठ्या दोषाचं असतं. मर्वेन म्हणजे उतावळी, उषा म्हणजे इतरांचा विचार न करणारी. ‘उषा’ हे नाव वाचून आपण जरा थबकतोच. ज्या सभेत प्रत्येकीचा दोष आधीच सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे कुणाला देवी करता येत नाही. निर्णय सर्वानुमते होतो, तासन्‌तास चर्चा चालते, वाचणाऱ्याचाही धीर सुटतो. तो सुटू द्या. अहिंसेला लागणारा वेळ लेखनातून जाणवावा, यासाठीच तो भाग तसा आहे.

तिसरी म्हणजे हत्यारं. या बायकांकडे सूतळीबॉम्बही नाही, पण बहिष्कार आहे: चुकलेल्या व्यक्तीशी बोलणं पूर्ण थांबवायचं. समाधीसारखी एक अवस्था आहे. तिच्यात गेल्यावर अंगाचा रंग उतरून शरीर पांढरं पडतं आणि बळजबरी केली तर ती बाई मरते. कैदेतल्या बाईकडून माहिती काढायला बसलेल्या अधिकाऱ्यापुढे हा शेवटचा नकार उभा राहतो. त्या सैन्याच्या तळाबाहेर येऊन बसतात, नुसत्या बसतात. सैनिकांना कुणी बसलेल्या बायकांशी लढायला शिकवलेलं नसतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. या बायकांना जीवशास्त्र इतकं येतं की मनात आणलं तर साथीचा रोग घडवून सगळं सैन्य संपवता येईल. शत्रूलाही हळूहळू याची भीती वाटू लागते. म्हणजे त्यांची अहिंसा दुबळेपणातून आलेली नाही. सोसणं आणि नाकारणं यातली रेघ इथे ठळक दिसते. शिवाय त्यांच्यातच मतभेद आहेत. यिनेव्रा नावाची एक जण विचारते, अजून किती मुली गमवायच्या? तिचा प्रश्न लेखनात कुठेही मूर्खपणाचा ठरवलेला नाही. तो तसाच जड राहतो.

एक सूचना: सुरुवातीच्या पानांत नावांचा गोंधळ होतो. वहीच्या मागे यादी करा, कोण कोणाची मुलगी, कोण कोणत्या ग्रहावरची. त्यानंतर पुस्तक सोडवत नाही.

पायरी चौथी: लगेच उलटी बाजू

एवढी देखणी कादंबरी वाचल्यावर मन हुरळतं. म्हणून लगोलग उर्सुला ले ग्विन यांची दोन पुस्तकं वाचावीत. दोन्ही लहान आहेत.

‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ १९७२ साली आलं, व्हिएतनामचं युद्ध चालू होतं तेव्हा. जंगलात राहणाऱ्या, हत्या न जाणणाऱ्या लोकांवर पृथ्वीवरची माणसं गुलामी लादतात आणि झाडं तोडत सुटतात. त्या लोकांत भांडण मिटवायला गाण्याची स्पर्धा असते. अखेर सेल्व्हर नावाचा त्यांच्यातला एक जण हत्यार उचलायला शिकवतो. ते जिंकतात. पण मारायचं कसं हे एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही, याची बोचणी घेऊन सेल्व्हर जगतो. ले ग्विन त्याला दोष देत नाहीत. जिंकल्यावरही काय हरवलं, ते मात्र समोर ठेवतात.

‘द आय ऑफ द हेरॉन’ १९७८ सालचं. पृथ्वीवरून हद्दपार केलेल्या शांततावाद्यांचं गाव आहे, त्याचं नाव ‘शांती’. शेजारी गुन्हेगारांच्या वंशजांचं शहर, ते गावाच्या धान्यावर जगतं आणि गावाला आपल्या हुकमतीत ठेवू पाहतं. गावकऱ्यांना उत्तरेला नवी वस्ती करायची आहे, शहराला ते नको आहे. बोलणी होतात, असहकार होतो, मग समोरासमोर गाठ पडते आणि गोळ्या सुटतात. तरुण नेता लेव्ह मारला जातो. कादंबरी तिथे संपत नाही, कारण शहराच्या प्रमुखाची मुलगी लूझ ही वेगळाच प्रश्न विचारते: आपण त्यांच्याशी झुंजत बसायलाच हवं का? उठून निघून गेलो तर? ज्या सत्याग्रहात आपलं सगळं लक्ष विरोधकाच्या चेहऱ्याकडे लागलेलं असतं, त्यातून बाहेर पडायची वाट एका बाईला सुचते. ती पळवाट आहे की पुढचं पाऊल, यावर गटात हमखास वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.

जोआना रस यांची ‘द फिमेल मॅन’ आणि ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ नंतर कधीतरी वाचा. पहिलीतल्या बायकांच्या जगात द्वंद्वयुद्धं होतात. दुसरीतल्या नायिकेला समोरच्याची वेदना स्वतःच्या अंगावर जाणवते, तरीही तिला हत्यार उचलावं लागतं. बायका जात्याच मवाळ असतात हा समज या दोघी मोडून काढतात. तो मोडल्याशिवाय शोराच्या बायकांचं कर्तृत्व नीट दिसत नाही. जे स्वभावातच आहे त्याला निर्णय कोण म्हणेल?

पायरी पाचवी: आपल्या मातीतले नकार शेजारी ठेवा

या कादंबऱ्या हवेतून आलेल्या नाहीत. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये वेल्समधल्या कार्डिफहून काही बायका चालत इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळापर्यंत गेल्या. तिथे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवली जाणार होती. त्या तिथेच तंबू ठोकून राहिल्या. १२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३० हजार बायकांनी हातात हात घालून तळाला वेढा दिला, कुंपणावर मुलांचे कपडे आणि फोटो अडकवले. ती छावणी २००० सालापर्यंत टिकली. ‘अ डोअर इनटू ओशन’ याच दशकात लिहिली गेली.

पण आपण ठाणे-नवी मुंबईत बसून वाचतो आहोत, तेव्हा इथलेही नकार आठवावेत. चरीचा शेतकरी संप घ्या. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं, नारायण नागू पाटील त्यांचे नेते. १९३३ ते १९३९ इतकी वर्षं तो संप चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. ज्या शेतावर पोट आहे ते शेतच पेरायचं नाही, हा निर्णय शोराच्या कोणत्याही बाईच्या तोडीचा आहे. आगरी घरातल्या वाचकांनी आजी-आजोबांकडे चौकशी करावी. आठवणी अजून असतील, पण फार काळ राहणार नाहीत.

१९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरात ज्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं त्याचंच अवजार त्यांनी चव्हाट्यावर आणलं. वहीतला तिसरा प्रश्न आठवा.

आणि उरणजवळचं जासई. सिडकोसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना त्या लढ्यामुळे आली. आपण ज्या सेक्टरांत राहतो त्यांच्याखाली ही जमीन आहे. ‘द आय ऑफ द हेरॉन’मधली गोळ्या सुटण्याची पानं जासईची हकीकत वाचून झाल्यावर पुन्हा वाचा. लेव्ह मेल्यानंतर गावात जी शांतता आणि जो गोंधळ आहे, तो मग पुस्तकातला राहत नाही.

पायरी सहावी: चौघींचा, चौघांचा गट

ही पुस्तकं एकट्याने वाचता येतात, पण त्यांचा खरा कस बोलताना लागतो. मोठा गट नको. चार-सहा माणसं, वयात अंतर असलेली. पंचविशीतली मुलगी आणि साठीतल्या काकू एकत्र असतील तर उत्तम. जागा शांत हवी. तलावपाळीला संध्याकाळी बोललेलं ऐकू येत नाही, सकाळी कचराळी तलावाजवळ जमतं. वाशी-नेरूळकडे सोसायटीचं वाचनालय किंवा कुणाचीही बैठकीची खोली चालेल.

इंग्रजीची अडचण लपवू नका. ज्यांना इंग्रजी सवयीचं नाही त्यांना प्रत्येक वेळी एकाने प्रकरणाचा सारांश मराठीत सांगायचा, आणि दोन पानं उघडून जागच्या जागी मराठी करून वाचून दाखवायची. सांगणारा दरवेळी बदला. गोष्ट तोंडी सांगायची ठरली की वाचणाराही जास्त लक्ष देऊन वाचतो.

पहिल्या बैठकीला पुस्तकाआधी एक काम: प्रत्येकाने आपल्या घराण्यातला एखादा नकार सांगायचा. हुंडा न घेणं, कारखान्यातला संप, एखाद्या कार्याला न जाणं, काहीही. कोपरखैरण्याच्या आमच्या बैठकीत एका काकूंनी १९८२ च्या गिरणी संपाबद्दल सांगितलं. त्यांचे यजमान संपात होते. त्या म्हणाल्या, “पुरुषांनी काम बंद केलं, आमचं दुप्पट झालं. खानावळ चालवली, शिवण केलं, दुकानदाराची उधारी सांभाळली. संप मी केला असं मला आज वाटतंय.” त्यानंतर शोराच्या बायका सभा चालू असताना मुलांना कशा सांभाळतात, ती पानं आम्ही पुन्हा काढून वाचली. प्रतिकार टिकतो तो अशा कामावर, आणि हे काम कुणाच्या वाट्याला येतं हे स्त्रीवादी लेखिका विसरत नाहीत.

काही आक्षेप हमखास येतील, त्यांची तयारी असू द्या.

“समोर हिटलर असता तर?” हा पहिला. याला तावातावाने उत्तर देऊ नका, एक घटना सांगा. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्लिनच्या रोझेनस्ट्रासे या रस्त्यावर, पकडून ठेवलेल्या ज्यू नवऱ्यांसाठी त्यांच्या बायका दिवसेंदिवस उभ्या राहिल्या, आणि बहुतेकांची सुटका झाली. ती त्यांच्यामुळेच झाली का, यावर इतिहासकारांत एकमत नाही, हेही सांगा. आकडे हवे असणाऱ्यांसाठी एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांचा २०११ सालचा अभ्यास आहे. १९०० ते २००६ या काळातल्या मोठ्या लढ्यांपैकी अहिंसक लढे ५३ टक्के वेळा यशस्वी झाले, सशस्त्र लढे २६ टक्के वेळा. म्हणजे जवळपास निम्म्या अहिंसक लढ्यांनाही पूर्ण यश मिळालं नाही. दोन्ही आकडे सांगितले तरच चर्चा प्रामाणिक होते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: स्वतः दुःख सोसून विरोधकाचं मन वळवायचं, हे ज्याच्या वाट्याला आधीच सगळं दुःख आलंय त्याला कसं सांगणार? दलित आणि स्त्रियांच्या चळवळींनी हा प्रश्न फार आधीपासून विचारला आहे. मला तो टाळता येत नाही आणि टाळायचाही नाही. १९२७ च्या महाडमध्ये चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं, तेव्हा कुणाचं मन वळण्याची वाट पाहिली नव्हती. हक्क होता, तो बजावला. स्लोंचेव्स्कींच्या बायकाही सैनिकांना दया यावी म्हणून बसत नाहीत. हा सैनिक त्यांच्याइतकाच माणूस आहे, आणि त्याने हुकूम पाळण्याचं थांबवावं, एवढी त्यांची अपेक्षा असते. गटात एखादी म्हणाली की मला हे पटत नाही, मी परत मारेन, तर तिला समजवायला धावू नका. यिनेव्राची पानं तिला मोठ्याने वाचायला द्या.

यापुढचं वाचन गटाच्या आवडीवर सोडा. भाषेत रस असेल तर सुझेट हेडन एल्गिन यांची १९८४ ची ‘नेटिव्ह टंग’ घ्या. त्यात बायका पुरुषांच्या नकळत स्वतःची भाषा रचतात; एल्गिन स्वतः भाषाशास्त्रज्ञ होत्या आणि ती भाषा त्यांनी खरोखर तयार केली. शहर, पाणी, शेती यांत रस असेल तर स्टारहॉक यांची १९९३ ची ‘द फिफ्थ सेक्रेड थिंग’. पाण्याचे नळ ताब्यात घ्यायला आलेल्या सैनिकांना सॅन फ्रान्सिस्कोचे लोक जेवायला बोलावतात, आमच्या ताटाशेजारी तुमचंही ताट आहे म्हणतात, आणि त्याची भयंकर किंमत मोजतात. पुस्तक पसरट आहे, मधला भाग चाळला तरी चालेल. आक्रमणानंतरचा भाग एकही ओळ न सोडता वाचा.

पायरी सातवी: स्वतः एक गोष्ट लिहा

हे सगळं वाचून झाल्यावर हात शिवशिवले तर थांबू नका. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत आली आहे. १९७४ साली नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने तिथेच पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नवख्यांसाठी ती वाट आजही योग्य आहे.

सराव म्हणून असं करून पाहा. ठाणे खाडीच्या काठावरची एक वस्ती घ्या, ऐरोली म्हणा, दिवाळे म्हणा. काळ शंभर वर्षांनंतरचा. वास्तवातली एकच अट बदला: समुद्राची पातळी वाढली आहे, किंवा खारफुटीतून पिण्याचं पाणी गाळणारा एखादा जीव बायकांनी वाढवला आहे आणि तो फक्त त्यांच्या हाताखालीच जगतो. आता तो ताब्यात घ्यायला कुणीतरी येतं. तुमच्या पात्रांना मारता येईल अशी एक खरीखुरी शक्यता कथेत ठेवा, आणि ती त्यांनी न वापरण्याचं कारण प्रवचनात नको, प्रसंगात दाखवा. येणाऱ्यांपैकी एकाला तरी नाव, घर आणि भीती द्या. वस्तीतल्या एकीला या मार्गाला ठाम विरोध करू द्या, आणि तिचे मुद्दे तुमच्या आवडत्या पात्रापेक्षा जोरकस लिहा. किती दिवस हे चालेल, तोवर डाळ-तांदूळ कुठून येणार, कुणाचं औषध संपलंय, याचा हिशेब आधी कागदावर मांडून घ्या. शेवटी जिंकायलाच हवं असं नाही. कच्चा खर्डा गटात वाचून दाखवा, विरोधी पात्राचे संवाद गटातल्या सगळ्यात जास्त वाद घालणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आणि मग स्पर्धेला पाठवा.